गळ्यातला पत्ता

सोमवार, ३ एप्रिल

पोचलो! मी आणि स्टॉटी, दोघंही धडधाकट. तीन बस बदलाव्या लागल्या. तिसऱ्या बसमध्ये स्टॉटीने शेजारच्या बाईंच्या पिशवीत तोंड घालून त्यांचा चीज घातलेला स्कोन-पाव फस्त केला. मी लाजेने लाल झाले, पण त्या हसून म्हणाल्या की असू दे गं पोरी, याच्या बरगड्या बघता माझ्यापेक्षा यालाच त्याची गरज होती. व्हिपेट कुत्री अशीच हाडकुळी असतात हे मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्या खाणीच्या गावात प्रत्येक तिसऱ्या घरात एक व्हिपेट असतो. याचं नाव बाबांनी आमच्याकडच्या जाड, चपट्या पावावरून ठेवलं, कारण उन्हात पसरला की तो थेट स्टॉटीसारखा दिसतो.

खोली छान आहे. चॅपल रो या गल्लीतलं दोन नंबरचं घर, वरचा मजला, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. घरमालकीण मिसेस ऑर्ड विधवा आहेत. त्यांनी आल्या आल्या तीन नियम सांगितले: कुत्रा पलंगावर चढणार नाही, कुत्रा स्वयंपाकघरात येणार नाही, कुत्रा भुंकणार नाही. संध्याकाळी खाली गेले तर स्टॉटी स्वयंपाकघरात त्यांच्या पायांशी बसून सॉसेज खात होता. त्या म्हणाल्या की मी नियम तुला सांगितले होते, त्याला नाही.

उद्यापासून काम सुरू. इथे सँडरिग गावाच्या किनारा संस्थेत सहा महिन्यांची नोकरी आहे आणि त्यातली पहिली जबाबदारी म्हणजे एक पुस्तिका: कुत्र्याला फिरवायला चांगले किनारे. आईने हे शेजारणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, एवढं शिकून शेवटी कुत्रीच फिरवायची का? पण मला हे काम मनापासून हवं होतं. मी दहा वर्षांची असताना, फुप्फुसं खराब झाल्यामुळे खाणीतून घरी बसलेले बाबा एका रविवारी मला आणि तेव्हाच्या कुत्र्याला घेऊन दीड तास बसने समुद्रावर गेले. किनाऱ्यावर पाटी होती: मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी. आम्ही भिंतीवर बसून चिप्स खाल्ले आणि परत आलो. ती पाटी मी विसरलेले नाही. कुठे जाता येतं, कुठे नाही, बस कुठवर जाते, पायऱ्या किती आहेत हे सगळं सांगणारी पुस्तिका प्रत्येक बस स्थानकावर फुकट मिळायला हवी. माझ्या पदवीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

वाटेत बूट दुरुस्तीच्या दुकानातून स्टॉटीसाठी नवा बिल्ला कोरून घेतला. पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवाच, कायदा आहे. ‘एम. हेडली, २ चॅपल रो, सँडरिग.’ बाबांचा जुना पितळी बिल्ला मात्र काढवला नाही. ‘आर. हेडली, १४ अल्बियन टेरेस.’ बाबा जाऊन आता पाच महिने होतील. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं की याला सांभाळ. दोन्ही बिल्ले एकमेकांवर आपटून किणकिण वाजतात. आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, मार्थू, जेवलीस का ते आधी सांग.

बुधवार, ५ एप्रिल

दोन दिवसांत पाच किनारे झाले. प्रत्येकासाठी मी तक्ता केलाय: वाळू की गोटे, पायऱ्या, कचऱ्याचे डबे, पिण्याच्या पाण्याचा नळ, म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक. ऑफिसातली जिलियन म्हणाली की बाकांचा रकाना आजवर कोणाला सुचला नव्हता. मी दिवसभर तरंगत होते.

कुत्रा फिरवणाऱ्यांची एक गंमत आहे. त्यांना एकमेकांची नावं माहीत नसतात, फक्त कुत्र्यांची असतात. मोठ्या किनाऱ्यावर रोज भेटणारे एक निवृत्त कोळी आहेत, त्यांचा काळा लॅब्रॅडोर बोसन. त्यांना सगळे बोसनचे आजोबा म्हणतात. मीही दुसऱ्याच दिवशी ‘स्टॉटीची’ झाले. बोसनच्या आजोबांचा आवाज असा आहे की त्यांनी हाक मारली की बोसन सोडून बाकी सगळी कुत्री येतात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, बोसनला मी पंधरा वर्षं ओळखतो, तो माझ्या बायकोवर गेलाय.

शनिवार, ८ एप्रिल

आज खजिना सापडला. नकाशावर त्याचं नाव हुक बे आहे, पण आमच्या यादीत नाही. मला वाटलं होतं की खाडी आकड्यासारखी वळलेली म्हणून हुक. ओहोटीलाच तो किनारा उघडा पडतो. मैलभर लांब, रेशमासारखी वाळू, मागे कडा असल्यामुळे वारा नाही, गाड्या नाहीत, आणि बंदीची पाटीही नाही! बाराही महिने मोकळा. बाबांसाठी बनवल्यासारखा.

वर कड्याच्या टोकाला लाकडी फाटक आहे. त्याच्या खांबावर लोखंडी हुकांची रांग, आणि हुकांवर पट्टे लटकवलेले. नऊ मोजले. चामड्याचे, नायलॉनचे, एक लहानसा गुलाबी. खाली नऊ कुत्री, सगळी मोकळ्या गळ्याची. सगळ्यात विचित्र म्हणजे खाली शांतता होती. कोणी हाक मारत नव्हतं. बोसनचे आजोबासुद्धा नुसती शीळ घालत होते.

ते वर आले तेव्हा मी विचारलं. आधी म्हणाले, गळ्यावर उन्हाचा पट्टा उमटतो, बोसनला आवडत नाही. मग स्टॉटीच्या गळ्यातल्या बिल्ल्यांकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, पोरी, खाली जायचं तर हे काढ. घराची किल्ली दाराला तशीच लावून कोणी जातं का? मी म्हटलं की बिल्ला गळ्यात असणं हा कायदा आहे. ते म्हणाले, कायदा फाटकापर्यंत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण खाली उतरलेही नाही. जे नियम मी हजारो लोकांसाठी लिहिणार ते मीच मोडायचे, हे बरोबर नाही.

सोमवार, १० एप्रिल

सुट्टी होती. सगळे लोक घरी होते. मी पट्टा न काढता गेले.

किनारा फक्त आमचा दोघांचा होता. स्टॉटी असा धावला की त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मी त्याच्यामागे नाव घेत धावले, हसले, खूप दिवसांनी. तक्त्यात पाच तारे लिहिले.

मग तो खडकांमधल्या एका डबक्यात तोंड घालून काहीतरी हुंगत बसला. मी बोलावलं तेव्हा आला, पण गळा मोकळा. व्हिपेटचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा सहज सुटतो. बाबांना मी शंभरदा सांगितलं होतं की त्याला रुंद पट्टा घ्या. मी डबक्यात हात घातला. डबकं कोपरापर्यंतही खोल नव्हतं. तळ दिसत होता. पट्टा नव्हता.

भरती पायाला लागेपर्यंत शोधत राहिले. परतताना वाळूवर आमच्या दोघांच्या पावलांच्या खुणा होत्या, आणि डबक्यापासून पाण्याकडे गेलेली आणखी एक ओळ. पंजे स्टॉटीएवढेच. पण चार पायांच्या जागी कुठे कुठे दोनच पायांच्या खुणा.

बाबांचा बिल्ला गेला. आईला सांगायची हिंमत नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

आज मिसेस ऑर्ड स्टॉटीला कुरवाळत होत्या आणि त्यांचा हात मानेवर थांबला. पट्टा कुठाय, विचारलं. मी हुक बे म्हणाले. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग एकच प्रश्न विचारला: नुसतं नाव होतं की पत्तासुद्धा? मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी खालच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. भर दुपारी, ऊन पडलेलं असताना. म्हणाल्या, दाराशी काही आलं तर त्याला कोणत्याही नावाने बोलावू नकोस. शब्द नाही काढायचा. मी तुला घरचीच पोर समजते, म्हणून सांगते.

मला राग आला. मी त्यांच्यावर रागवायला नको होतं.

बुधवार, १२ एप्रिल

बोसनच्या आजोबांना गाठलं. मोठ्या किनाऱ्यावरच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं, समुद्राकडे न बघता. म्हणाले, बिल्ल्यावर पत्ता कशासाठी असतो? हरवलेलं परत पोचावं म्हणून. बरोबर? खाली जे आहे त्याला वाचता येतं. मग ते पोचतं. पट्टा ज्याच्या गळ्यात, तो त्या घरचा. घरच्यांनी एकदा नावाने हाक मारली की पक्कं झालं.

मी स्टॉटीकडे बोट दाखवून विचारलं, आणि हा? ते म्हणाले, ज्याचा पट्टा हुकावर नाही आणि गळ्यातही नाही, ते कुत्रं कोणाचं असतं गं? आणि हनुवटीने हुक बेकडे दाखवलं. बोसनच्या आधी त्यांच्याकडे एक कुत्री होती. तिचं नाव त्यांनी सांगितलं नाही.

मग विचारलं, पत्ता कोणता होता. मी इथला सांगितला. फक्त इथला. दुसऱ्या बिल्ल्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण बाबांची शेवटची वस्तू मी आठवड्यात हरवली हे परक्या माणसासमोर म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मला हे सगळं खोटं वाटत होतं. चार वर्षं विद्यापीठात मी काय हे ऐकायला घालवली?

शुक्रवार, १४ एप्रिल

पुस्तिका छपाईला गेली. हुक बे पान सहावर आहे, पाच ताऱ्यांसह. खाली माझी टीप ठळक अक्षरात: ‘येथे पट्टे काढून ठेवण्याची स्थानिक पद्धत आहे, ती पाळू नये. नाव-पत्त्याचा बिल्ला कायम गळ्यात असू द्या.’ जिलियन स्थानिक नाही, तिने मान डोलावली. चार हजार प्रती.

स्टॉटीला नवा रुंद पट्टा आणला. गळ्यात राहत नाही. घट्ट आवळला तरी सकाळी जमिनीवर, बक्कल लावलेलाच.

शनिवार, १५ एप्रिल

सकाळी सहाला जाग आली ती ओळखीच्या आवाजाने. किणकिण, किणकिण. स्टॉटी उठून अंग झटकतोय असं वाटलं. पण स्टॉटी माझ्या पायांवर झोपलेला होता, आणि त्याच्या गळ्यात काही नव्हतं.

आवाज खालच्या गल्लीत होता. दारापर्यंत आला. थांबला. मग बस स्थानकाच्या दिशेने गेला.

खिडकीतून फक्त ओल्या फरशा दिसल्या. पाऊस नव्हता.

मला हायसं वाटलं. ते निघून गेलं म्हणून. कुठे गेलं हा विचारच मनात आला नाही.

सोमवार, १७ एप्रिल

आईचा फोन आला. आवाज इतका आनंदी की बाबा गेल्यापासून तसा ऐकला नव्हता. म्हणाली, मार्थू, घाबरू नकोस हं, तुझा स्टॉटी इथे आहे! सकाळी दाराशी बसला होता, नखशिखान्त भिजलेला. साठ मैल चालून आलं गं लेकरू. गळ्यात बाबांचा बिल्ला तसाच. मी दार उघडून म्हटलं, अरे स्टॉटी! तर आत येऊन थेट बाबांच्या खुर्चीत बसला. तू त्याला हरवलंस आणि मला सांगितलंही नाहीस, वेडे.

मी स्टॉटीच्या पाठीवर हात ठेवून हे ऐकत होते. त्याची पाठ गरम होती.

मी म्हटलं, आई, तो माझ्याजवळ आहे. फोनमध्ये मागे किणकिण ऐकू आली.

ती म्हणाली, पोरी, तू नीट झोपतेस ना?

मंगळवार, १८ एप्रिल

स्टॉटी नावाला ओळखत नाही. कालपासून. मी हाक मारते तर कान हलत नाही. जणू मी दुसऱ्याच कोणाला बोलावतेय. दिवसभर दाराकडे तोंड करून उभा असतो, समुद्राच्या बाजूच्या.

आईला त्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की सतरंजी छान आहे.

मी फोटो पाहिला. त्यात स्टॉटी आहे. मला दिसतो.

दोनदा फोन केला. म्हटलं, त्याला बाहेर काढ, घराबाहेर काढ. आई दुखावली. म्हणाली, बाबांचा कुत्रा आहे तो, तुझ्या बाबांचा, आणि तू— मग म्हणाली की तो काही खात नाही, आणि त्याचं अंग वाळत नाही, किती टॉवेल झाले तरी. हीटरसमोर बसवला तरी खुर्चीखाली पाणी साचतं. पण शहाणा आहे. एकटक बघत बसतो माझ्याकडे, म्हणाली. तुझे बाबा बघायचे तसा.

बुधवार, १९ एप्रिल

घरी जायला निघाले. स्टॉटीला घेऊन. बस स्थानकावर फळीवर माझ्या पुस्तिका आल्या आहेत. एक म्हातारं जोडपं सहावं पान उघडून बघत होतं, त्यांच्या पायाशी एक टेरियर. मी त्यांना म्हटलं तिथे जाऊ नका. आजी म्हणाल्या, पण बाळा, इथे तर पाच तारे आहेत. ज्याने लिहिलंय त्याने नीट बघूनच लिहिलं असेल.

बस आली. स्टॉटी पायरीवर चढेना. चारही पाय रोवून उभा. ड्रायव्हरने विचारलं, कोणाला ओढतेस गं? मी म्हटलं, कुत्र्याला. तो दोरीकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, कोणी आहे का पोरी, ज्याला फोन करू?

दोरी ताणलेली होती. दुसऱ्या टोकाला स्टॉटी होता. होता.

याला सोडून बसमध्ये चढले तर हा सरळ पाण्यात जाईल. न चढले तर आई—

बस गेली. मी चढले नाही. बाबांनी याला सांभाळ म्हटलं होतं. आईला सांभाळ म्हणाले नाहीत, कारण ते सांगायची गरज आहे असं त्यांना वाटलं नसेल.

गुरुवार, २० एप्रिल

आज अमावास्या. वर्षातली मोठी ओहोटी. दार लावलं, खिडकी लावली, दोरी मनगटाला दोन वेढे देऊन बसले. सकाळी साडेनऊला दोरी एकदम हलकी झाली. बक्कल बंद. गाठ बंद.

धावले. तो हुक बेच्या वाळूवर होता, खूप पुढे, जिथे एरवी समुद्र असतो. शीळ घातली. स्टॉटी म्हणून ओरडले, बाबा म्हणून ओरडले, काय काय म्हणून. तो वळला नाही. धावत नव्हता. कोणाच्या तरी बरोबर चालल्यासारखा, हळू, डावीकडे सरकून, बाबांच्या बरोबर चालायचा तसा.

मग तिथे नुसतं पाणी.

मी सांभाळलं नाही.

शुक्रवार, २१ एप्रिल

मिसेस ऑर्ड बहिणीकडे गेल्या. टेबलावर चिठ्ठी: माफ कर, पोरी. किल्ली दाराला लावू नकोस.

आई फोनवर— ती त्याला परत आणतेय. रविवारी. अकराच्या बसने. म्हणाली, तुलाच याची जास्त गरज आहे, काल फोनवर किती रडलीस. आणि तो स्वतःच दाखवतोय गं, दुसऱ्या बिल्ल्यावर नाक लावून माझ्याकडे बघतो. तुझा पत्ता. त्याला तुझ्याकडे यायचंय.

मी नको म्हटलं. ओरडले. खोटं बोलले, म्हटलं मी इथे नाही, नोकरी गेली. ती म्हणाली, मार्थू, आई आहे मी तुझी.

बोसनच्या आजोबांना आता सगळं सांगितलं. दोन्ही पत्ते. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर आईला सांगता आलं असतं, दार उघडू नको म्हणून. नाव घेऊ नको म्हणून. एवढंच हवं होतं. एक फोन.

विचारलं, आता? म्हणाले, पट्टा त्याच्या गळ्यातून काढून हुकावर टांगायचा. पट्टा गेला की ते कुठल्याच घरचं नाही. जमलंय का कोणाला? ते म्हणाले, मी तरी पाहिलं नाही.

शनिवार, २२ एप्रिल

आईचा आवाज बदललाय. सावकाश बोलते. तोंडात पाणी असल्यासारखं. म्हणाली, घरात फार गार आहे. म्हणाली, तो आता खुर्चीत बसत नाही. मी विचारलं, मग कुठे बसतो? किणकिण. अगदी फोनला लागून, जणू फोन ज्याच्या कानाशी आहे त्याच्याच—

मी म्हटलं आई, मला मार्थू म्हण. एकदा म्हण.

फोन चालू होता. बराच वेळ. नुसतं टपटप.

मग बंद.

शेजारणीला लावला. ती बघून आली. म्हणाली, चौदा नंबरचं दार सताड उघडं, आत कोणी नाही. खुर्ची भिजलेली. आईचे बूट दाराशी आहेत. आणि तुझा कुत्रा कधी आला होता? आम्ही तर नाही पाहिला. तुझी आई मात्र सोमवारपासून त्याच्याशी बोलायची, भिंतीतून ऐकू यायचं.

रविवार, २३ एप्रिल

दहा चाळीस. खिडकीत बसलेय. दार लावलेलं. पट्टा काढायचा, एवढंच. बक्कल डावीकडे आहे. मी डोळे मिटूनही काढू शकते. आधी आईला आत घेईन, मग पट्टा.

बोसनच्या आजोबांना म्हटलं होतं या. रस्त्याच्या टोकाला उभे आहेत, बोसनला धरून. पुढे येत नाहीत.

अकरा पाच. बस आली.

आई उतरली. आईच आहे. तिचा हिरवा कोट. मफलर हनुवटीपर्यंत गुंडाळलेला. हातात दोरी. दोरी पुढे ताणलेली— नाही. दोरी लोंबतेय. टोकाला काही नाही.

कुत्रा नाही तिच्याबरोबर.

बरं झालं. पळाला असेल. बरं झालं, आई एकटीच—

अनवाणी आहे. मागे फरशा ओल्या होताहेत.

किणकिण ऐकू येतेय. दर पावलाला. कुत्रा नाही आणि किणकिण—

मफलरखालून.

बोसन भुंकतोय. आजोबा तोंडावर हात धरून उभे आहेत, मला खूण करताहेत, नाही, नाही, बोलू नको.

खाली आली. दार वाजतंय. हळू. आई वाजवायची तसं, दोनदा, मग एकदा.

आई असेल तर? गळ्यात पट्टा अडकला असेल, काढायला मदत हवी असेल. आई असेल आणि मी दार उघडलं नाही तर? स्टॉटीला नाही सांभाळलं. हिलाही—

आई हाक मार. मार्थू म्हण. तू मार्थू म्हटलंस की मी उघडते. शपथ. तेवढंच म्हण.

बोलतेय. आईचा आवाज. अगदी आईचा. हळूहळू, अक्षर लावून वाचल्यासारखा.

एम. हेडली. दोन, चॅपल रो.

एम. हेडली.

मी उत्तर नाही देणार. नाव नाही घेणार. जिच्या तोंडून मी माझं नाव पहिल्यांदा ऐकलं तिला मी काय म्हणून

किल्ली. किल्ली मी दाराला बाहेरून लावलेली. आईला पटकन आत येता यावं म्हणून सकाळी मीच

जिन्यावर किणकिण

आई गं